अडीच गुंठ्यांची शेती

वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून भाजीपाल्याविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. येथे राजकारणावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे. कांद्याबटाट्यांसाठी मंडई आहेच! परंतु आज जो विषय आम्ही घेतला आहे त्यात राजकारण आहे, अर्थकारण आहे आणि खणून पाहिल्यास थोडे अध्यात्मही निघेल.

इंग्लंडमध्ये शहरात राहणाऱ्या सामान्य माणसाला नगरपालिकेकडून अल्प खंडाने जमिनीचा एक लहानसा तुकडा भाजीपाला पिकविण्यासाठी मिळू शकतो. त्याला तिकडे ‘अॅलॉटमेंट’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘वाटा’; म्हणून आम्ही तिला ‘वाट्याची बाग’ म्हणू. नोकरीच्या निमित्ताने मध्य इंग्लंडमधील एका शहरी आमचा मुक्काम होता, तेव्हा १९९३ पासून २००४ पर्यंत अशी एक बाग आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी कसली. त्या अकरा वर्षांत आम्हांस भाजी किती मिळाली याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. पण ऋतू म्हणजे काय हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथमच कळले. तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या बागेचे माप पाहू. तिकडे ती ‘रॉड’ नावाच्या जुन्या मापाने मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. वाट्याच्या बागेचे रूढ क्षेत्र दहा चौरस रॉड, म्हणजे अडीचशे चौरस मीटरांहून किंचित अधिक. आता गंमत पाहा. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. म्हणजे गुंठ्याची बाजू बरोबर दोन रॉड! चार चौरस रॉडांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. तेव्हा दहा रॉडांची ती बाग बरोबर अडीच गुंठे भरते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्यांची नजर सरावलेली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हा तुकडा चटकन उभा राहील. नीट राबले तर चार माणसांच्या कुटुंबाला वर्षातले बरेच महिने भाजी पुरविण्यास तेवढी जागा पुरते, आणि नोकरी सांभाळून एका जोडप्याला त्याहून अधिक झेपतही नाही.

ही व्यवस्था कोणा दयाळू राजाने बसविलेली नाही. इंग्लंडमधील खेडोपाडी पूर्वी आपल्या गायरानासारख्या सामाईक जमिनी असत. गरिबाची गाय तेथे चरे, सरपण तेथून मिळे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून या जमिनींना कुंपणे घातली आणि त्या खासगी मालकीच्या केल्या. ज्यांच्या पायांखालची जमीन गेली, ते गिरण्यांच्या शहरांत लोटले गेले. त्यांच्या तोंडाला पाने पुसावीत तशी १८४५ च्या कायद्याने भूमिहीनांसाठी थोडी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. पण राखलेली जमीन फारच थोडी होती. १८८५ च्या निवडणुकीत जेसी कॉलिंग्ज नावाच्या पुढाऱ्याने ‘तीन एकर आणि एक गाय’ अशी घोषणा दिली आणि ती गाजली. गाय कोणाला मिळाली नाही; पण १८८७ साली वाट्याच्या बागांविषयी पहिला जबाबदारीचा कायदा झाला, आणि १९०८ साली तो अधिक पक्का करण्यात आला. या १९०८ च्या कायद्याची कळ अशी की, गावातील कोणत्याही सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून मागणी केली तर स्थानिक संस्थेला तिचा विचार करावाच लागतो, आणि गरज दिसली तर जमीन उपलब्ध करून द्यावी लागते. लंडनचा मध्यभाग वगळता हे कलम आजही जिवंत आहे. १९२२ च्या कायद्याने व्याख्या केली की, ही बाग प्रामुख्याने स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी आणि फळे पिकविण्याची जागा. म्हणजे व्यापाराची नव्हे. पुढे १९५० च्या कायद्याने तेथे कोंबड्या आणि ससे पाळण्याची मुभा दिली.

दोन्ही महायुद्धांत या बागांनी त्या देशाला खाऊ घातले. १९१८ च्या सुमारास अशा सुमारे पंधरा लाख बागा होत्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा सुमारे चौदा लाख झाल्या. ‘विजयासाठी खणा’ हा त्या वेळचा मंत्र. लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. लढाई संपली, दुकाने भरली, आणि लोकांनी फावडी ठेवून दिली. आज तेथे सुमारे तीन लाख बागा उरल्या असाव्यात, असा अंदाज केला जातो.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटीचा काळ होता. अर्ज केल्यावर पंधरवड्यात बागेची किल्ली हाती आली. खंड इतका थोडा की, वर्षाच्या खंडात सहकुटुंब सिनेमा एखाददोन वेळाच पाहून झाला असता. मात्र जागा पाहिल्यावर खंड थोडा का, ते उमगले. कमरेइतके गवत माजलेले. त्यात आपल्या हरळीसारखे जमिनीखालून मुळांनी पसरणारे एक गवत, आणि आपल्या हरणखुरीच्या जातीचा एक पांढऱ्या फुलांचा वेल. या दोघांचे वैशिष्ट्य असे की, मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवे रोप उठते. आम्ही उत्साहाच्या भरात ते सर्व फावड्याने कापून मातीत मिसळले. म्हणजे एका शत्रूचे शंभर केले! शेजारच्या वाट्यावर एक म्हातारबुवा होते, गिरणीतून निवृत्त झालेले. ते कुंपणापाशी येऊन शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्ही खणत नाही आहात, तुम्ही पेरता आहात.” मग त्यांनी आपले चार दातांचे फावडे आम्हांस दिले आणि मूळ न तोडता माती उचकटून काढण्याची रीत दाखविली. अकरा वर्षांच्या शिक्षणातला तो पहिला धडा.

आता ऋतूंकडे वळू. आपल्याकडे शेतीचे वर्ष पावसाने सुरू होते. रोहिणीत मशागत पुरी करावी, मृगाची वाट पाहावी, आर्द्रा लागली की जीव भांड्यात पडावा, अशी आपली रीत. आपल्याला ऊन आणि ऊब बारमाही आहे. पाणी तेवढे चार महिन्यांचे. त्या देशात नेमके उलट. पाणी बारमाही, पण ऊब आणि उजेड मोजून मिळतात. म्हणून तेथला माळी आकाशातल्या ढगांपेक्षा रात्रीच्या गारठ्याकडे पाहतो. वसंतात दव गोठविणारी शेवटची रात्र कोणती आणि शरदात दव गोठविणारी पहिली रात्र कोणती, या दोन तारखांच्या मध्ये त्याचे अर्धे शास्त्र बसते. आपली पावसाची नक्षत्रे, त्यांची थंडीची. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे उलगडते.

बागेचे वर्ष खरे म्हणजे शरदात सुरू होते. सप्टेंबर सरत आला की उन्हाळी पिके उपटायची, वेलींचे मांडव सोडायचे आणि रिकामी झालेली जमीन खणून ढेकळे तशीच उघडी ठेवायची. आम्हांस प्रथम हे आळसाचे काम वाटले. ढेकळे फोडून जमीन सारखी करावी, म्हणून आम्ही दाताळे घेऊन सरसावलो, तो म्हातारबुवांनी हटकले. त्या भागातली माती चिकण, आपल्या काळ्या रानासारखी हट्टी. ओली असता तिच्यावर चालले तर विटेसारखी घट्ट बसते. तिला फोडण्याचे काम थंडी करते. ढेकळात मुरलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि ढेकूळ आतून फुटते. रात्री गोठणे, दिवसा विरघळणे, असे हिवाळाभर चालले की मार्चमध्ये तीच माती हातात भुरभुरते. आपल्याकडे वैशाखाचे ऊन नांगरलेल्या काळ्या जमिनीला तडे पाडून जे काम करते, तेच तिकडे थंडी करते. काम एक, कामगार निराळा.

याच दिवसांत लसूण लावायचा. लसणाच्या एका पाकळीतून अनेक पाकळ्यांचा गड्डा होण्यास तिला काही आठवडे चांगली थंडी सोसावी लागते. थंडी मिळाली नाही तर पाकळी वाढून नुसता एक गोळा होतो. आपल्याकडेही लसूण रब्बीतच लावतात, त्याचे एक कारण हेच. नोव्हेंबरात ब्रॉड बीन नावाचा जाड दाण्यांचा घेवडा पेरायचा. तो बोटभर उगवून हिवाळाभर थिजल्यासारखा उभा राहतो आणि वसंत येताच सर्वांआधी धावत सुटतो.

मग हिवाळा. डिसेंबरात त्या भागात दिवस जेमतेम साडेसात-पावणेआठ तासांचा. आपल्या पुण्यात तो अकरा तासांहून फारसा खाली उतरत नाही. उजेडच नाही तर पान वाढणार कसे? बहुतेक पिके तेव्हा वाढत नाहीत, केवळ उभी असतात. बाग हेच कोठार. लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ. तो जानेवारीतही जमिनीतून ताजा उपटून आणावा. पार्सनिप हा गाजरासारखा पांढरा कंद. जाणते लोक तो कडाक्याची थंडी पडून गेल्यावाचून उपटत नाहीत. थंडी लागली की कंद आपल्यातल्या पिठूळ द्रव्याची साखर करतो. साखर विरघळलेला रस लवकर गोठत नाही, म्हणून रोपाने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही युक्ती. आपण तिला गोडी म्हणतो. ज्या कंदाने थंडी सोसली तोच गोड, हे वाक्य आम्ही कीर्तनकारांस विनामूल्य देऊन टाकतो.

हिवाळ्याचे दुसरे काम खताचे, आणि येथे एक अशी गोष्ट सांगावयाची आहे की जी ऐकून आपणांस अभिमान वाटावा. त्या देशातल्या बहुतेक प्रत्येक वाट्यावर कोपऱ्यात लाकडी फळ्यांचा एक हौद असतो. स्वयंपाकघरातल्या साली, गवत, वाळलेली पाने, सारे त्यात जाते. म्हातारबुवा ढीग रचताना हिरव्या पाल्याचा थर, वाळक्या काडीचा थर, वर शेणाचा आणि मातीचा हात, थोडी राख असे रचीत, पाणी शिंपीत आणि दर काही आठवड्यांनी ढीग वरखाली करीत. त्यांना ही रीत कोणी शिकविली असे विचारता ते म्हणाले, “आमच्या वडिलांनी. याला इंदोरची रीत म्हणतात. इंदोर कोठे आहे, हे मात्र मला ठाऊक नाही.” आम्ही अवाक् झालो. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होते. या देशातले शेतकरी काडीकचरा आणि शेण कसे वापरतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यावरून खत करण्याची पद्धत बांधली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांच्या नावावर १९३१ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून त्या पद्धतीचे पुस्तक निघाले. होळकरांच्या राजधानीतला उकिरडा असा सातासमुद्रापार जाऊन प्रतिष्ठित झाला, आणि आम्ही तो शिकलो एका इंग्रज गिरणीकामगाराकडून!

त्या पद्धतीमागचे शास्त्र सोपे आहे. कचरा कुजविणारे सूक्ष्म जीव हवेवर जगतात. ढिगात हवा खेळती राहिली आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राहिला की ते झपाट्याने काम करतात आणि त्यांच्या कामाने ढीग तापतो, अगदी साठ अंशांपर्यंत. बाहेर बर्फ आणि ढिगाच्या पोटात हात ठेववणार नाही अशी ऊब! त्या उष्णतेने तणांचे बरेचसे बी मरते. हवा कोंडली किंवा पाणी जास्त झाले की निराळे जीव बळावतात आणि दुर्गंधी सुटते. उकिरडा नासतो तो कचऱ्यामुळे नव्हे, हवेच्या अभावी.

मार्च उजाडतो आणि वसंत येतो. आपला वसंत म्हणजे मोगरा आणि कैरी. तेथला वसंत म्हणजे फसवणूक. एप्रिलमध्ये आठ दिवस असे लख्ख ऊन पडते की कोट फेकून द्यावा. आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही या उन्हाला भुललो. काचघरात वाढविलेली घेवड्याची आणि भोपळ्याची चाळीस रोपे एप्रिलअखेर उघड्यावर लावली. म्हातारबुवा म्हणाले, “मे अर्धा जाऊ द्या.” आम्ही मनात म्हटले, म्हाताऱ्यांस घाई नसतेच! मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका निरभ्र रात्री दव गोठले. ढग नसले की जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, आणि म्हणून अशी स्वच्छ, चांदण्याची रात्रच घातकी. सकाळी जाऊन पाहतो तो चाळीसही रोपे उकडलेल्या पालकासारखी काळी पडून आडवी झालेली. पानांतले पाणी गोठून पेशी फुटलेल्या. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या घरी गेल्या आणि नव्याने बी भिजत घातले. आमच्या दृष्टीने तो बोलण्याहून मोठा उपदेश होता.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळल्या. एक, तारखेवर विश्वास ठेवायचा, उन्हावर नाही. मातीला कोपर लावून पाहावे, ते गार लागले तर बी परत पिशवीत ठेवावे. दुसरी, काचघरातले रोप एकदम बाहेर लावायचे नाही. आठ-दहा दिवस ते दिवसा बाहेर, रात्री आत असे ठेवावे. वारा लागून त्याचे पान जाड होते, देठ घट्ट होतो. लाडात वाढलेल्या मुलाला परगावी धाडण्यापूर्वी जे करावे, तेच.

बटाटा मात्र आधी लागतो. फेब्रुवारीत बियाणाचे बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्यांत डोळे वर करून खिडकीशी मांडतात, आखूड जाड मोड आले की ‘गुड फ्रायडे’च्या आसपास लावतात. रोप वाढेल तशी त्याला मातीची भर देतात. कारण उजेड लागलेला बटाटा हिरवा पडून कडू आणि विषारी होतो. आणि गंमत अशी की, हा भर वसंत म्हणजेच बागेतला दुष्काळ. एप्रिल-मेमध्ये हिवाळ्याचे लीक आणि कोबी संपलेले, नवे पीक अजून बोटभर. चहूकडे फुले आणि टोपलीत काही नाही! इंग्रज माळी याला ‘भुकेची खिंड’ अशा अर्थाचे नाव देतात. आषाढात रान हिरवेगार आणि कणगी रिकामी, हा अनुभव ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी घेतला आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. दिवस जवळजवळ सतरा तासांचा. रात्री नऊ वाजता उजेडात खुरपे चालते. या लांब दिवसाने आमची जी फजिती केली ती सांगितलीच पाहिजे. देशावरून एका आप्ताने आम्हांस आपल्या लाल कांद्याचे बी आणून दिले. (आता रोगप्रतिबंधाच्या दाखल्यावाचून असे बी नेता येत नाही, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.) आम्ही मोठ्या अभिमानाने त्याची रोपे एप्रिलमध्ये लावली. जूनमध्ये पाहतो तो गोट्यांएवढे कांदे धरून पात माना टाकते आहे! खत कमी पडले म्हणावे, तर शेजारच्या ओळीतले इंग्रज कांदे दणकून वाढत होते. कारण पुढे कळले. कांदा गड्डा केव्हा धरायचा हे दिवसाच्या लांबीवरून ठरवितो. आपल्या वाणांना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. तेथे एप्रिलमध्येच तो त्याहून मोठा झालेला असतो. रोपाला वाटले, वेळ झाली. आणि अंगात बळ नसताना त्याने गड्डा धरला. इंग्रज कांद्याला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. तो पुण्यात लावला तर येथला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणून तो जन्मभर पातच वाढवीत बसेल. दोष मातीचा नाही, खताचा नाही, बियाचाही नाही. प्रत्येकाचे घड्याळ निराळे असते इतकेच.

हे घड्याळ ओळखणारी एक विदुषी आमच्याच बागेत होती. १९७२ साली युगांडातून ज्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकलून देण्यात आले, त्यांतले एक गुजराती कुटुंब पलीकडच्या वाट्यावर होते. त्यांच्या आजींना सारी बाग ‘बा’ म्हणे. आमची कोथिंबीर मेमध्ये पेरली की महिन्यात फुलावर येई. बा एकदा म्हणाल्या, “भाई, लांब दिवसात धणा घाई करतो. दिवस उतरू द्या, ऑगस्टमध्ये पेरा.” तसे केले आणि ऑक्टोबरपर्यंत कोथिंबीर पुरली. मेथीही त्यांनीच लावायला शिकविली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईंनी तीन देशांच्या दिवसांचे माप केवळ कोथिंबिरीवरून घेतले होते.

उन्हाळ्यातले भय करप्याचे. दमट आणि उबदार दिवस लागोपाठ आले की बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडतात आणि आठवड्यात सारे शेत जळाल्यासारखे दिसते. याच रोगाने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. कारण तेथल्या गरिबाला बटाट्यावाचून दुसरे अन्न उरले नव्हते. उपाय इतकाच की, डाग दिसताच वरचा पाला कापून काढून टाकावा आणि दोन-तीन आठवडे बटाटे जमिनीतच राहू द्यावे, म्हणजे पाल्यावरचे रोगबीज काढणीच्या वेळी कंदाला चिकटत नाही. आणि त्या जागी पुढची काही वर्षे बटाटा लावू नये. चार भाग करून बटाटा, शेंगावर्ग, कोबीवर्ग आणि कंदवर्ग यांची पाळी फिरवावी. शेंगांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, तो मागून येणाऱ्या कोबीला मिळतो. आपले शेतकरी याला फेरपालट म्हणतात, आणि आदल्या पिकाने जमिनीत ठेवलेल्या गुणाला ‘बिवड’ असा सुंदर शब्द त्यांच्यापाशी आहे. चांगला बिवड ठेवून जाणे, ही शेतीतली खरी वारसाहक्काची कल्पना.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या वास्तव्याच्या सहाव्या वर्षी कळले की, बागेपैकी रस्त्याकडचा पट्टा घरबांधणीसाठी विकावयाचा नगरपालिकेचा विचार आहे. कारण वरकरणी बिनतोड होते. पंधरा-वीस वाटे पडीक होते, आणि घरे तर हवीच होती. आम्हां लोकांची सभा एका खोपट्यात भरली. तेथे कायदा वाचून पाहता दोन गोष्टी ध्यानात आल्या. १९२५ च्या कायद्याप्रमाणे, जी जमीन बागांसाठी म्हणूनच संपादन केलेली आहे ती मंत्र्यांच्या संमतीवाचून नगरपालिकेला विकता येत नाही, आणि उठविलेल्यांची पर्यायी सोय झाली आहे याची खात्री त्यांना करून घ्यावी लागते. परंतु जी जमीन दुसऱ्या कामासाठी घेतलेली असून तात्पुरती बागेला दिलेली आहे, तिला हे संरक्षण नाही. जुने दप्तर काढल्यावर निघाले असे की, वरची बाग पहिल्या प्रकारची, आणि रस्त्याकडचा पट्टा दुसऱ्या. तीस वर्षे सर्वांनी तो आपलाच मानला. कागद कोणी पाहिला नव्हता.

पट्टा गेला. वरची बाग राहिली, तीही आपोआप नव्हे. पडीक वाटे हाच विरोधी पक्षाचा पुरावा होता. म्हणून लोकांनी दहा रॉडांचे पाच-पाच रॉड केले, शाळेच्या आणि देवळाच्या फलकांवर जाहिराती लावल्या आणि वर्षभरात सारे वाटे भरले. ज्या जमिनीवर कोणी राबत नाही, तिचे रक्षण कायदाही फार काळ करीत नाही.

म्हातारबुवांचा वाटा त्या पट्ट्यात होता. एकतीस वर्षे कसलेला. कायद्याने त्यांना बारा महिन्यांची नोटीस मिळाली. त्या कायद्यातला एक बारकावा आम्हांस फार हृद्य वाटला. ही मुदत ६ एप्रिल किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबर किंवा त्यानंतरच संपली पाहिजे. म्हणजे उभ्या पिकातून कोणाला उठविता येत नाही. कायदे करणाऱ्यांना ऋतू ठाऊक होते! नवा वाटा त्यांना आमच्या शेजारीच वर मिळाला. पण त्यांची माती खाली राहिली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ते एकचाकी हातगाडीने आपली माती वर आणू लागले. आम्ही हात लावला, बांचे नातू आले, शेजारीपाजारी आले. दोनशेच्या वर खेपा झाल्या असतील. तरी वीतभर थरसुद्धा पुरा आला नाही. आम्ही म्हटले, “नव्या जागीही खत घातले की तीन वर्षांत माती होईल.” ते म्हणाले, “होईल की. पण माझ्याकडे तीन वर्षे आहेत का, ते विचारा.” आणि पुढच्या महिन्यात त्यांनी लसूण लावला. त्यानंतर त्यांनी चार हंगाम पाहिले. पाचव्या वर्षी तो वाटा एका तरुण जोडप्याकडे गेला, तेव्हा माती काळी आणि भुसभुशीत झालेली होती. बिवड उत्तम होता.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, या परदेशी कथेचे आम्ही काय करावे? आपल्या शहरांत जमीन कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडची थंडी आणि तेथला बटाटा आम्हांस येथे आणावयाचा नाही. आणावयाच्या त्या दोन गोष्टी. पहिली कागदाची. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात बागा, मैदाने यांसाठी जागा राखून ठेवतात. पण दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही तर मालकाला सूचना देऊन, ठरलेल्या मुदतीनंतर, ते आरक्षण संपुष्टात आणविता येते. आपल्या आळीतील कोणती जागा कशासाठी राखली आहे आणि तिची मुदत कोठवर आली आहे, हे पाहण्यास सहा माणसे पुरेत. दप्तर पाहिले नाही म्हणून तीस वर्षांनी काय होते, ते आम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट हाताची. मंडईतून भाजी आणणाऱ्याला तिचा भाव कळतो. पिकविणाऱ्याला तिचा काळ कळतो. ज्याची चाळीस रोपे एका रात्रीत गेली आहेत, तो अवकाळी पावसाची बातमी वर्तमानपत्रात निराळ्या डोळ्यांनी वाचतो. शहर आणि खेडे यांच्यातील अंतर भाषणांनी कमी होत नाही, ते मातीत हात घातल्याने थोडेसे होते. अडीच गुंठे नसतील तर गच्चीवर चार कुंड्या असतील. शाळेच्या आवारातला एक कोपरा असेल. सोसायटीच्या भिंतीलगतची हातभर पट्टी असेल. ओला कचरा तर प्रत्येक घरी आहे, आणि त्याची रीत इंदूरहून परत आणावयास फार लांब जावे लागत नाही.

वैशाख चालू आहे. मृग फार दूर नाही. ज्यांना करावयाचे आहे त्यांनी मातीला उन्हात तापू द्यावे आणि कचऱ्याचा पहिला थर आजच रात्री घालावा.